कोरडं फडकं

फडकं कोरडं होतं. झालं ते एवढंच. अण्णा म्हणाले, "पूस गं, वाफ धरलीय," आणि मी सवयीने गाडीच्या पुढच्या कप्प्यातून फडकं काढलं, पुढे वाकून काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसली, "झालं" म्हटलं आणि घडी घालून परत ठेवताना माझ्या बोटांना कळलं की हे कोरडं ठणठणीत आहे. माझा अख्खा दिवस कापड चाचपण्यात जातो. कपड्यांच्या कारखान्यात दिव्याच्या टेबलावर थान उलगडायचं, सुटलेला धागा, विरलेली जागा, डाग शोधायचा आणि खडूने खूण करायची, हे माझं काम. ओलसर कापड कुठलं आणि कोरडं कुठलं यात माझं डोकं एखादवेळ फसेल, बोटं फसायची नाहीत. मी मान वर करून काचेकडे बघितलं. काच लख्ख होती. मी पुसायच्या आधीही ती लख्खच असणार. पुढच्या गाडीचा नंबर दिसत होता, पलीकडच्या दुकानात शटर वर ढकलणाऱ्या माणसाच्या स्वेटरचा फाटका कोपर दिसत होता. "आता कसं, जरा बरं झालं," अण्णा म्हणाले आणि छाती स्टिअरिंगला टेकेल इतके पुढे वाकून गाडी चालवत राहिले. मागच्या सीटवर माझी लेक पाय हलवत बसली होती. तिला घरात सगळे ठकी म्हणतात. ती आणि तिचे आजोबा रोज सकाळी असे दोघंच शाळेला जातात. मला एरवी कारखान्याची बस नेते. आज बस बिघडली म्हणून निरोप आला आणि अण्णा, माझे सासरे, म्हणाले, चल, ठकीला सोडून तुलाही सोडतो, त्यात काय एवढं.

पहिल्यांदा मी स्वतःचीच समजूत घातली. म्हटलं, वाफ बाहेरून असेल. मग म्हटलं, बाहेरून असती तर वायपर लावला असता, अण्णांना आत-बाहेर कळत नाही असं या जन्मात व्हायचं नाही. आमच्या घरात काचेवरची वाफ हा चेष्टेचा विषय नाहीच मुळी. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा या गाडीत पुढे बसले, काच धुरकटली म्हणून भाबडेपणाने तळहाताने पुसली, आणि गाडीत सगळे असे गप्प झाले की मला वाटलं मी यांच्या कुळातल्या कुणाचा तरी फोटो फोडला. मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "काचेला हात नाही लावायचा गं. तेलकट होते. मग आधी तिथेच धरते." अण्णांनी गाडी कडेला घेतली, माझ्या पंजाचा ठसा फडक्याने निगुतीने पुसला आणि मगच पुढे निघाले. नंतर हळूहळू मला सगळं शिकवलं गेलं, दुसऱ्या घरी सुनेला भाजीत मीठ किती ते शिकवतात तसं. थंडीत गाडी सुरू केली की बाहेरची हवा आत घ्यायची, आतलीच हवा फिरवत बसायचं नाही, कारण आतल्या हवेत आपलाच श्वास असतो आणि तोच जाऊन काचेला चिकटतो. हवा गरम करायची आणि वर एसीही लावायचा, एसी हवा कोरडी करतो. बाजूच्या काचा दोन बोटं खाली. ओली छत्री, ओले बूट मागच्या डिकीत. हिवाळा सुरू झाला की दाढीचा फेस काचेला आतून पातळ चोळायचा आणि कोरड्या फडक्याने चमक येईपर्यंत पुसून काढायचा, की मग वाफ लवकर धरत नाही. एकदा माझ्या नवऱ्याने अर्ध्या दाढीनिशी ट्यूब शोधत घर डोक्यावर घेतलं होतं आणि ट्यूब सापडली गाडीत. एका जुन्या मोज्यात मीठ भरून तो मोजा पुढे ठेवलेला असतो, तो हवेतला ओलावा ओढतो म्हणे. पायाखालच्या मॅटखाली जुन्या प्रुफांचे कागद, कारण अण्णांची सगळी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली आणि असल्या कागदांना आमच्याकडे तोटा नव्हता. सासूबाई कानाला मफलर गुंडाळून दात वाजवत म्हणायच्या, "माणसं गारठून मेली तरी चालतील, यांची काच तेवढी दिसली पाहिजे." आणि अण्णा म्हणायचे, दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्यांनी मला गाडी शिकवली ती या एकाच वाक्यावर. मी क्लच कितीदा सोडला, गाडी कितीदा बंद पाडली, ते हसायचे. पण धुरकट काचेतून एकदा मी गाडी जरा पुढे घेतली तर हँडब्रेक ओढून म्हणाले, "उतर. आज शिकवणी बंद." काच पुसायचं काम मात्र बाजूला बसेल त्याचं. आधी ते सासूबाईंचं होतं, त्या गेल्यावर रविवारी माझ्या नवऱ्याचं झालं. अण्णांनी "पूस" म्हणायचं आणि बाजूच्याने पुसायचं. त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून कुणी बघत नाही.

"लाल!" मागून ठकी ओरडली. अण्णांनी ब्रेक लावला. "एक मार्क," ते म्हणाले. ठकी खूश होऊन सीटवर उडाली. हा त्यांचा खेळ. मला माहीत होता, मी त्याचं कौतुकही करत आले. ठकीने रस्त्यात काय काय दिसतं ते ओरडून सांगायचं आणि आजोबांनी मार्क द्यायचे. सिग्नलला एक, गाडीला एक, जनावराला एक, माणसाला दोन. संध्याकाळी ती मला हिशोब सांगते, आज आजोबांनी एक मार्क खाल्ला, आज म्हातारीला पण दोनच दिले. मी कारखान्यातल्या बायकांना सांगितलं होतं, आमचे सासरे नातीला बघायला शिकवतात, मोबाइलमध्ये डोकं घालून बसत नाही आमची पोर. बायका म्हणाल्या होत्या, नशीब काढलंस बाई. "डावीकडून सायकल!" ठकी म्हणाली. अण्णांनी गाडी किंचित उजवीकडे घेतली. "एक." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सायकलवाला अगदी माझ्या दारापाशी येऊन पुढे गेला तरी त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मान जराशी तिरकी, कान मागे. नाही, असं नसेल, म्हटलं. म्हटलं, आपल्याला सगळीकडे भोकं शोधायची सवय लागलीय. आणि म्हणता म्हणता मला पाट्या आठवल्या. अण्णा गाडी चालवताना दुकानांच्या पाट्या तपासत. "अरे देवा, याने परत र्‍हस्व लिहिला," असं म्हणत गाडीतूनच हवेत बोटाने खूण करायचे, प्रुफावर करतात तशी. सासूबाई म्हणायच्या, तुम्ही पुढे बघा, पाट्या कुठे पळून जात नाहीत. या हिवाळ्यात त्यांनी एकही पाटी तपासली नव्हती. मला वाटलं होतं, सासूबाई नाहीत, टोकणारं कुणी नाही, तेव्हा गंमत राहिली नसेल. केवढी समजूतदार मी! आणि पेपर? सकाळचा पेपर ते ठकीकडून मोठ्याने वाचून घेऊ लागले होते, तिचे उच्चार सुधारावेत म्हणून. चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावून ठेवायचे, मी म्हटलं होतं, अण्णा, बोट भाजेल, तर म्हणाले, गरम आहे का ते बघतोय. जिन्यातला दिवा बदलून मोठा लावून घेतला. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना मध्यंतरी ओळख दिली नाही म्हणून ते काका रुसले आणि नवरा म्हणाला, अण्णांना हल्ली तोरा आलाय. आम्ही हसलो होतो. थानात एक धागा सुटलेला दिसला की मी पुढचं सगळं थान संशयाने बघते. आणि घरात धाग्यावर धागा सुटत गेला, तर मी मेलीने हसून घेतलं.

मग ठकीची बुटाची नाडी सुटली. एवढीशी गोष्ट. ती खाली वाकली, तोंडाने नाडीशीच काहीतरी पुटपुटत बसली, आणि पुढचा सिग्नल हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला. मी बघत होते. गाडी तशीच चालली होती, त्याच वेगाने, निवांत. समोर माणसं रस्ता ओलांडायला उतरली होती, एका बाईच्या कडेवर मूल होतं. मला वाटलं आता लावतील, आता लावतील ब्रेक. अण्णा मान पुढे काढून समोर बघत होते, अगदी सरळ त्या बाईकडे बघत होते. "लाल!" मी ओरडले. गाडी कचकन थांबली, ठकीचं डोकं माझ्या सीटच्या पाठीला आपटलं, ती कडेवरच्या मुलाची बाई वळून आमच्याकडे बघत काहीतरी बोलली, बरं बोलली नसणार. माझे दोन्ही हात पुढे काचेला टेकलेले होते. "शाब्बास," अण्णा म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीसारखा नव्हता. "तुला एक मार्क." ठकी डोकं चोळत भांडायला लागली, आईला नाही मार्क, आई खेळात नाही. मी म्हटलं, बरं बाई, नाही मी खेळात, तू बघ, तू नीट बघ, आता शाळा येईपर्यंत खाली वाकायचं नाही. आणि बोलता बोलता मला कळलं की मी काय करतेय. गाडी थांबवा म्हणायचं सोडून मीसुद्धा पोरीलाच कामाला लावतेय. पण तिच्यासमोर त्यांना कसं बोलू? मला वडील नाहीत, मी लहान असतानाच गेले. लग्नानंतर ज्या माणसाने मला रिकाम्या मैदानात तासन्‌तास गोल गोल गाडी फिरवू दिली, ओरडला नाही, बाजूला बसून शेंगा खात राहिला, त्या माणसाला त्याच्या नातीसमोर कसं म्हणू की उतरा? शाळा जवळच होती. मी डोळे फाडून बघत राहिले. ठकी सांगायची त्याच्या आधी मी सांगत होते, ती चिडत होती, अण्णा मुकाट्याने दोघींचं ऐकून गाडी चालवत होते. वाफेबद्दल ते परत काही बोलले नाहीत. कुणाच्या तरी पोराला काही झालं असतं तर, आपल्याच पोरीला काही झालं असतं तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं, आणि शेजारी या माणसाचे हात स्टिअरिंगवर नेहमीसारखे नीट, पुस्तकात दाखवतात तसे.

ठकी उतरली, दप्तर सावरत पळाली, गेटमधून वळून आजोबांना हात केला. अण्णांनीही केला. तो गेटच्या दिशेने केला, ठकी तोवर झाडापाशी पोहोचली होती. मी म्हटलं, "अण्णा, गाडी कडेला घेऊन बंद करा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. चाक पदपथाच्या दगडाला घासलं. गाडी बंद झाली, ब्लोअरचा आवाज थांबला, एसी थांबला. मी माझ्या बाजूची काच वर घेतली, त्यांचीही घ्यायला लावली, लोकांना ऐकू जायला नको म्हणून.

"पुसू का काच?" मी विचारलं.

"पूस की. परत धरलीय जराशी."

मी काच पुसली नाही. कप्प्यातून फडकं काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, बोटांनी चाचपलं, इकडून तिकडून.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

"हो."

"मघाशीही कोरडंच होतं?"

"हो, अण्णा."

मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, आजकाल चुटकीसरशी काढतात, शेजारच्या आजींचा नाही का काढला, दुसऱ्या दिवशी भाजी निवडत बसल्या होत्या. मी भराभरा बोलत होते. ते म्हणाले, "मोतीबिंदू नाही. दाखवून आलो मी."

"कधी? कुणाबरोबर?"

"एकटाच. फिरायला जातो म्हणून सांगून गेलो. डोळ्याचा मागचा पडदा गेलाय म्हणाले डॉक्टर. कडेकडेचं दिसतं मला. हा दरवाजा दिसतो, तुझी ओढणी दिसते. पण जिकडे बघावं नेमकं तेवढंच पुसलं जातं. आता तुझ्याकडे बघितलं की तू नाहीस."

"आणि गाडीचं काय म्हणाले?"

ते फडक्याची घडी घालू लागले.

"अण्णा, गाडीचं काय म्हणाले डॉक्टर?"

"चालवू नका म्हणाले."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं तेही सांगण्यासारखं नाही. माझी पोर बसते मागे, म्हटलं. एकुलती एक पोर. रोज सकाळी मी तिची वेणी घालून, तोंड पुसून तुमच्या हातात देते आणि निर्धास्त कामाला जाते. ती दुसरीत आहे हो, दुसरीत! तिच्या डोळ्यांनी गाडी चालवलीत तुम्ही? मार्क देऊन? ती बाई दिसली नाही तुम्हाला, तिच्या कडेवर पोर होतं. "लाज नाही वाटली?" असं मी म्हटलं. सासऱ्यांना. आमच्या घरात त्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नाही, त्यांचा मुलगासुद्धा.

"वाटली," अण्णा म्हणाले. "रोज वाटायची."

मी रडायला लागले होते. रागानेच, दुसरं काही नाही. ते फडकं त्यांनी माझ्यापुढे केलं, नाक पुसायला, आणि मी ते घेतलंही. म्हणाले, "हळू चालवायचो. ओळखीचा रस्ता, म्हटलं एवढा हिवाळा काढू. सकाळी उठून तिला सोडायचं असतं म्हणून तर उठतो गं मी. नाहीतर ती गेल्यापासून उठायचं कशाला?" सासूबाईंबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "मागे एका रविवारी त्याला, तुझ्या नवऱ्याला, म्हटलं, पूस, वाफ धरलीय. काच कोरडी होती. मला माहीत होतं कोरडी आहे, एसी लावलेला, काचा खाली, वाफ धरेलच कशी? म्हटलं फडकं बघेल, विचारेल, अण्णा, वाफ कुठाय. त्याने पुसलं, झालं म्हणाला. पुढच्या रविवारी परत म्हटलं. परत झालं म्हणाला. मला तोंडाने सांगवेना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, लाल शाईने. आपली वेळ आली तर वाट बघत बसलो, कुणीतरी काढेल म्हणून. आज तू बसलीस. म्हटलं, ही कापडातली आहे, हिला कळेल. तर तूही म्हणालीस, झालं. म्हटलं, चला. आता हे असंच चालायचं, काहीतरी होईपर्यंत."

मला त्यांचा रागही गेला नव्हता आणि दुसरंही काहीतरी आत भरून आलं होतं, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलंच मागे हटत नव्हतं. मी म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही." ते म्हणाले, "का?" मी म्हटलं, "तुम्ही का नाही बोललात?" त्यावर ते थोडंसं हसले. छापखान्यातली माणसं हसतात तसं, आवाज न करता. मग त्यांनी स्वतःच किल्ली काढली. माझा हात शोधला, तिथे ती ठेवली, आणि दार उघडून खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत गाडीला वळसा घालून या बाजूला आले. मी आतूनच पलीकडे सरकले, गिअरच्या दांड्यात ओढणी अडकली, ती सोडवली. अण्णा बसले. या गाडीत ते या बाजूला कधीच बसले नव्हते. बेल्टचं बक्कल कोणत्या अंगाला असतं ते त्यांना सापडेना, हात आधी दाराकडे गेला. मी लावून दिलं. गुडघे कुठे ठेवावेत हेही त्यांना समजत नव्हतं. पायाखाली ते प्रुफांचे कागद वाजले. कारखान्याला आज खाडा, मी मनात म्हटलं, घरी जायचं, नवऱ्याला फोन करायचा, उद्या ठकीला काय सांगायचं, आजोबा का नाही येणार, येतीलच की, बाजूला बसतील. किल्ली फिरवली आणि समोर बघितलं, तर समोर काहीच नव्हतं. शाळा नाही, झाड नाही, रस्ता नाही. बंद गाडीत आम्ही एवढं बोललो होतो, मी एवढी रडले होते, काच आतून पांढरी झाली होती, चारी बाजूंनी.

"अण्णा," मी म्हटलं, "वाफ धरलीय."

"खरी?"

"खरी."

ते एकदम ताठ बसले. माझ्या हातात फडकं होतं, ते मी उचललं, तर त्याच्या आवाजानेच त्यांना कळलं. "फडकं ठेव," ते म्हणाले. "आत ओल असेपर्यंत पुसून उपयोग नाही, परत धरते. आणि नाक पुसलंयस त्याला. बाहेरची हवा घे. घेतली? गरम कर. आता एसी लाव." मी लावला. "काच खाली घे तुझी. दोन बोटं." मी घेतली, त्यांनी त्यांची घेतली, बटण शोधायला जरा वेळ लागला. गार वारा आत आला, त्यांनी स्वेटरची कॉलर वर केली. सासूबाईंचा मफलर अजून मागच्या सीटवर असतो, तो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांनी कानाला गुंडाळला. काचेच्या अगदी खालच्या कडेला एक काळसर पट्टा उघडला, बोटभर, मग वीतभर. त्यातून नुसता रस्ता दिसत होता, माणसांचे बूट दिसत होते.

"दिसतंय?"

"खालून थोडं दिसायला लागलंय."

"मग थांब. दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

हे ते म्हणून गेले आणि मग त्यांना ते स्वतःलाच ऐकू आलं असावं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी हात स्टिअरिंगवर ठेवून बसले, त्यांनी शिकवलं होतं तसे. पट्टा वर वर सरकत गेला. शाळेची भिंत आली, झाडाचं खोड आलं, गेटचे गज आले.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता दिसतंय सगळं."

"काय दिसतंय?"

मी नीट बघितलं. "वॉचमन गेट लावतोय," मी म्हटलं. "हातात चहाचा ग्लास आहे. तो सांडू नये म्हणून कोपराने लावतोय."

अण्णांनी मान हलवली. डोळे मिटलेले होते.

"माणसाला दोन," ते म्हणाले, आणि मी गिअर टाकला.